रिक्त मॅडम

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पेंटर माणसाने हे कबूल करणं म्हणजे गिऱ्हाईक घालवणं, पण खरं ते खरं. आठवीनंतर शाळा सुटली. अक्षर बरं होतं म्हणून मुरबाडला एसटी स्टँडजवळ बोर्ड रंगवायचं दुकान टाकलं. मला बोलायला फार जमत नाही. मान खाली घालून ब्रश फिरवत राहतो. मग लोक मी तिथे आहे हे विसरून जातात आणि बोलत राहतात. किस्से असेच साठतात, चपलेवर रंगाचे थेंब साठतात तसे.

माझ्याकडचे निम्मे किस्से महिलांच्या सल्ला केंद्रातले आहेत. मुरबाड आणि शहापूर, दोन्ही तालुक्यांतल्या बायका तिथे तक्रार घेऊन येतात. लताताई त्यांचं ऐकून घेतात, नवऱ्यांना बोलावून समजावतात. धर्माकाका शिपाई. व्हरांड्यात मोठा बोर्ड आहे. वर सरकारच्या महिला आयोगाचं नाव, खाली अध्यक्षा आणि सदस्य. आयोगावरची माणसं बदलली की नावं बदलायची, ते काम माझं.

* * *

पहिल्यांदा बोर्ड लिहिला तेव्हा ‘आयोग’मधला काना राहिला. झालं ‘महिला अयोग’!

सरकारी बोर्ड चुकला की पोलीस नेतात असं मला वाटायचं. चूक लक्षात आल्यावर दुकान बंद करून सरळ शहापूरला आईकडे गेलो. फोन वाजला तरी उचलायचो नाही. शेवटी आईनेच उचलला. पलीकडे लताताई. त्या म्हणाल्या, “रोशनला सांगा, सगळ्या बायकांना अयोग्य ठरवून बसलाय. रागावले नाही म्हणावं. येताना फक्त काना घेऊन येऊ दे.”

* * *

एकदा मी स्टुलावर चढून बोर्ड पुसत होतो. वाशिंदकडचा एक माणूस हातात दांडकं घेऊन आत शिरला. त्याच्या बायकोने अर्ज दिला होता आणि तो कोणी लिहून दिला ते त्याला हवं होतं. ताई बँकेत गेल्या होत्या. धर्माकाका कपाटामागे गेले. कपाट अरुंद, काका रुंद, दोन्ही बाजूंनी दिसत होते.

त्याने मला विचारलं, “लिवायचं काम तू करतोस काय?”

मी मानेनेच हो म्हटलं. खोटं बोलायलाही आवाज लागतो, तो माझ्याकडे नव्हता.

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. हातातला ब्रश बघितला. दांडकं भिंतीला टेकवलं आणि म्हणाला, “मंग माझ्या गाडीचा नंबर लिवून दे. आरटीओवाला लई तरास देतो.”

लिहून दिला. त्यातला आठ अजून नाचल्यासारखा दिसतो.

* * *

मग आयोगाची मुदत संपली. नवी नेमणूक होईपर्यंत काय लिहायचं, तर ताईंनी कागदावर एक शब्द दिला, ‘रिक्त’. मी तो अध्यक्षांपुढे लिहिला आणि प्रत्येक सदस्यापुढे लिहिला. आमच्याकडे रिकामं म्हणतात. रिक्त कोण म्हणतं?

आठवड्यात बायका विचारायला लागल्या, “रिक्त मॅडम कोणत्या वारी बसतात?”

ताई प्रत्येकीला समजावून सांगायच्या, की बाई, रिक्त म्हणजे जागा रिकामी आहे. धर्माकाका मात्र ताई नसल्या की सांगायचे, “मॅडम मुंबईला हायत गो, मीटिंगला.” एका म्हातारीने मॅडमसाठी रानातली करवंदं आणून ठेवली. ती काकांनी खाल्ली.

* * *

जयवंती टोकावड्याच्या वरच्या पाड्यावरची. नवरा सुरेश मारायचा. एकदा सुजलेला कान घेऊन आली होती. ताईंनी दोघांना बोलावलं. सुरेश गुरगुरतच आला, पण व्हरांड्यात बोर्डापुढे थांबला. सातवी शिकलेला, एकेक ओळ बोट फिरवत वाचली. मी खाली डबे आवरत होतो.

तो मला हळूच म्हणाला, “अध्यक्ष पण तीच, सदस्य पण समद्या तीच. एकच बाई? लई पावरवाली दिसतेय.”

मी डब्यांची झाकणं लावत राहिलो. तो आत गेला तो वहाणा बाहेर काढून. त्या दिवसापासून त्याने जयवंतीला मारलं नाही. हात वर गेला की ती नुसतं म्हणायची, “जाऊ काय रिक्त मॅडमकडं?” हात खाली.

पुढे बाजारच्या दिवशी जयवंती दुकानासमोर भेटली. तिने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, “भाऊ, तिथं कोण नाय ते मला ताईंनी सांगलंय. त्याला नका सांगू.”

तेव्हापासून टोकावड्याची एसटी स्टँडात लागली की मी आधी बघायचो, सुरेश उतरतोय का.

* * *

शेवटी नव्या नेमणुका झाल्या. त्यातल्या एक सदस्य दुसऱ्याच दिवशी केंद्राला भेट देणार होत्या. ताईंनी नावं लिहून दिली. मी ब्रश हातात घेऊन उभाच राहिलो. कसंबसं विचारलं, “ताई, एक रिक्त राहू दिलं तर?”

ताईंना कळलं. त्यांनी कागदावरच्या नावांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, “रोशन, भिंतीवरच्या शब्दाने जयवंती किती दिवस वाचणार? उद्या खरं माणूस येतंय. तिची सुनावणी पहिली ठेवलीय.”

मी सगळी रिक्त पुसली, नावं लिहिली आणि दुकानात परत आलो.

रंग ओला होता तेवढ्यात बाजाराला आलेला सुरेश केंद्रापुढे थांबला. बोर्ड वाचून त्याने धर्माकाकांना विचारलं, “रिक्त मॅडमची बदली कुठं झाली?” काकांना हसू आवरलं नाही. हसता हसता त्यांनी अर्थ सांगून टाकला. सांगून झाल्यावर त्यांना जयवंती आठवली आणि ते धावत माझ्याकडे आले. पण त्यांच्या आधी सुरेश माझ्या दुकानाच्या दारात उभा होता.

“पेंटर, रिक्त म्हंजे रिकामं ना?”

मी मान हलवली.

“म्हंजे एवढे दिस तिथं कोणच नव्हतं?”

मी पुन्हा मान हलवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे म्हणाला, “मंग मी कोनाला भीत होतो?”

आणि मोटारसायकल काढून निघून गेला. ताईंनी जयवंतीला फोन लावला, लागला नाही. पाड्यावर रेंजच नसते. मग ताईंनी खाली टोकावड्यातल्या पोलीस पाटलाला फोनवर गाठलं. वर जाऊन लक्ष ठेवतो म्हणाला. मी रात्रभर बसून होतो.

सकाळी पहिल्या एसटीने ताई निघाल्या. त्यांनी मला बोलावलं नव्हतं, पण मीही चढलो. टोकावड्याला उतरून पाड्यावर चढलो तर जयवंती उंबऱ्यात बसलेली, मांडीजवळ कोयता. सुरेश अंगणाच्या पार टोकाला उकिडवा. पोलीस पाटील आंब्याखाली झोपलेला.

ताईंनी तिच्या तोंडावरून, हातावरून हात फिरवून बघितलं. कुठे लागलेलं नव्हतं.

जयवंती म्हणाली, “आल्यापासून एकच विचारत होता, मी कोनाला भीत होतो, मी कोनाला भीत होतो.”

“मग?”

“मी सांगलं, मला.”

ताई सुरेशला म्हणाल्या, “तू पण चल. मॅडम अकराला येणार आहेत.” तो उठला, आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आला. जाताना तिला वाट द्यायला बाजूला झाला.

एसटीत तीन जणांची एकच सीट रिकामी होती. ताई ड्रायव्हरजवळ उभ्या राहिल्या. जयवंती खिडकीशी बसली, तिच्या पिशवीत कोयता तसाच होता. सुरेश कडेला बसला. मी दोघांच्या मध्ये बसलो, मुरबाड येईपर्यंत.