शिडी धरणारा

आमचे हे रंगारी. उंच जिने, इमारतींच्या मागच्या भिंती, जिथे चढायला इतर कुणी धजत नाही तिथे ह्यांना बोलावणं येतं. खाली शिडी धरून उभा असतो ह्यांचा लहानपणापासूनचा मित्र. सगळे त्याला खांब म्हणतात. धरायची ती एक शिडी, आणि कौतुक केवढं!

संध्याकाळी खाली आले की हे आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. "उतरलो बाबा," म्हणतात. रोज. मी पहाटे उठून डबा करते, रंगाने कडक झालेले कपडे घासून घासून हाताची सालं काढते. पण माझ्या खांद्याला कधी हात लागला नाही. डबा चाटूनपुसून येतो, त्यातच समाधान मानायचं. सवतीवर जळले नसते एवढी मी त्या दाढीवाल्यावर जळते.

मग खांबाचा हात मोडला, घरच्याच मोरीत घसरून. जिन्याचं काम अर्धवट राहिलं.

"मी धरते शिडी," मी म्हटलं. "त्यात काय मोठंसं?" आता बघूच, संध्याकाळी हात कुणाच्या खांद्यावर पडतो ते.

हे थोडे चढले आणि खाली बघितलं. आणखी एक पायरी चढले, पुन्हा बघितलं. मी शिडी गच्च धरून, डोळे वर लावून उभी. शेवटी हे उतरलेच.

"नाही जमत."

"भावजी असले की बरे सरसर चढता!"

"तो असला की खाली कोण आहे ते विसरतो मी. तू असलीस की नाही विसरता येत. रंगाचा डबा निसटला तर तुझ्या डोक्यात पडेल."

दुसरी कुणी सुखावली असती. मला मात्र वाटत होतं, त्यांनी मलाही तसंच विसरून चढावं.

दुसऱ्या दिवशी खांब आला, हात गळ्यात बांधलेला. उलट्या बादलीवर बसून त्याने शिडीच्या खालच्या पायरीवर पाय रोवले.

"वहिनी, तुम्ही ती बाजू धरा. आणि वर बघू नका. तुम्ही बघता म्हणून तो बघतो."

नाइलाजाने मी मान खाली घातली. वर ब्रश चालू झाला, तो थांबलाच नाही.

संध्याकाळी हे उतरले. आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग माझ्या. "उतरलो बाबा," म्हणाले. माझे डोळे भरून आले. पण आधी त्याच्याच, हेही मी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी खांबाचाही डबा करते. त्याच्या भाजीत मीठ जरा जास्त पडतं. पडू दे.