प्लास्टरवरचा तेराचा पाढा

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या वर्षी रोहिणखेडला चिंचेवरून पडून मी पाय मोडून घेतला आणि शाळा बुडाली. बुलढाण्याच्या दवाखान्यात आमच्या वॉर्डच्या सिस्टरबाई कॉपिंग पेन्सिल ओली करून माझ्या प्लास्टरवरच पाढे लिहायच्या. बारापर्यंत झाले आणि प्लास्टर निघालं. पण भीतीने मी पाय जमिनीवर टेकवेना. वडील चिडले, तरी मी हट्टाने खाटेवरच. "आधी माझा तेराचा पाढा शिकवा!"

सिस्टरबाईंनी तो लिहिला थेट शेवटच्या खाटेवरच्या मुलीच्या प्लास्टरवर, तोही रोज एकच ओळ.

"तिच्या पायावर काऊन?" मी भांडले.

"तुह्यं प्लास्टर कापलं ना! जाय, वाचून ये."

चरफडत, भिंत धरून मी रोज जायची. अशी मास्तरीण मला पुढे कुठल्याच शाळेत भेटली नाही.

दहाव्या दिवशी "तेरा दाहे तीसाशे" वाचून परत आले. "पाठ झाला," मी ऐटीत सांगितलं.

"पाढा त शाळेतबी पाठ होते, माय," त्या हसल्या. "आज भिंत धरली होती काय तू?"