पाटीवरचे तीन सूत

आईलाही हे ठाऊक नाही. तुम्हीच पहिले.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो — आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. सुट्टीत नव्या जालन्यात करीमचाचांच्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम शिकायला जायचो. चाचा गिऱ्हाइकांना सांगायचे, "हा आमचा इंजिनेर. चहा मात्र अजून सांडतो." त्या एका शब्दानं मी फुगायचो. फुगणं हा गुन्हा आहे का? — नाही, असं नको. मुद्द्यावर येतो.

एका व्यापाऱ्याच्या मुलाला मोटार शर्यतीत उतरवायची होती. त्याला फ्लायव्हील — इंजिनामागचं ते जड ओतीव चाक — हलकं करून हवं होतं, म्हणजे गाडी झटकन वेग घेते. किती कापायचं ते माझ्या इंग्रजी पुस्तकात होतं. तीन मिलिमीटर. चाचांकडे सगळं सुतात चालायचं. तीन मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक सूत. मापाच्या पाटीवर मी खडूनं लिहिलं — तीन सूत.

"तीन? जादा होऊन राह्यलं, बाबा."

"पुस्तकात आहे, चाचा."

"मंग बराबर असंल."

तीस वर्षं लोखंड कापलेला माणूस — माझ्या पुस्तकावर विसंबून त्यानं तीन सूत कापलं.

चौथ्या दिवशी अंबडच्या रस्त्यावर ते चाक फुटलं. तुकडा पत्रा फाडून आत आला, त्या मुलाच्या पायाचं हाड मोडलं. बातमी आली तेव्हा चाचा नमाजला गेले होते. मी पुस्तक उघडलं. पाहिलं. आणि पाटी ओल्या फडक्यानं पुसली. इथवर भीती म्हणा. पण पुढचं? मुलाचे वडील, शेठ, आले, दुकानासमोर माणसं जमली, मला विचारलं. मी म्हणालो, "मी एकच सूत सांगितलं होतं."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही — ते आठवत होते. खरंच आठवून पाहत होते. मग शेठना म्हणाले, "पोरगा शिकलेला हाय. खोटं कशाला बोलंल? मीच चुकलो."

आणि ते तसं मानूच लागले. बुशिंगसारख्या साध्या लोखंडी नळीचं मापही चार-चारदा घ्यायचे, तरी मशीन चालू करताना हात कचरायचा. दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तर लेथवर गोणपाट टाकलेलं.

"ध्यानात राहत न्हाई आता काही. उमर झाली," ते म्हणाले. "झाली ना रे?"

मी हो म्हणालो.