नऊ नंबरची वाट बघताना

आमच्या डिपार्टमेंटमध्ये काहीही फेकून देत नसत. प्रोजेक्टरचे उडालेले बल्बसुद्धा मनुभाईंच्या खणात कापसात गुंडाळून ठेवलेले असायचे. कारण एक बल्ब टाकायचा तरी कमिटी बसवावी लागे, कमिटी बसली की चहा आला, आणि चहाला ग्रँटमध्ये हेडच नव्हतं. किस्से तसेच साठले. ते टाकायचे कसे हे कुणालाच माहीत नाही, म्हणून माझ्या खणात पडून आहेत. आज बसलोच आहोत तर थोडे काढते. क्रम मागेपुढे झाला तर सांभाळून घ्या. त्या दिवसांत माझं अर्धं लक्ष घरी असायचं.

तर नव्वदीच्या दशकातलं बडोदं. विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग, म्हणजे जिथे शिक्षकांना शिकवायला शिकवतात. दिल्लीहून एका संशोधन प्रकल्पाला ग्रँट मिळाली होती आणि मी तिथे प्रोजेक्ट असिस्टंट होते. प्रकल्प संपला की मीही संपले, अशी नोकरी. प्रमुख होते गुप्ते सर. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दप्तरात होते, आणि सरांनी ती ऐट रिटायर व्हायला आलं तरी सोडली नव्हती. धोतराच्या जागी सफारी आला होता, एवढंच.

काम असं : शाळेत जाऊन एखादा तास व्हिडिओवर घ्यायचा. मग कॅसेट लावून बसायचं आणि दर तीन सेकंदांनी वर्गात काय चाललंय त्याचा नंबर लिहायचा. शिक्षकाने शाबासकी दिली, दोन. प्रश्न विचारला, चार. व्याख्यान चालू असलं, पाच. विचारल्यावर मुलाने उत्तर दिलं, आठ. कुणी न विचारता मूल आपणहून काही बोललं, नऊ. आणि शांतता किंवा गोंधळ असला, दहा.

शांतता आणि गोंधळ, दोघांना एकच नंबर कसा, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

सर म्हणाले, "बाई, तुमचं लग्न झालंय ना?"

*

नंबर हळूहळू सगळ्यांच्या तोंडी बसले. शेजारच्या टेबलावरच्या लेक्चरर प्रज्ञाबेन डीनना भेटून आल्या की पर्स आपटून म्हणायच्या, "अर्धो कलाक पाच." अर्धा तास नुसतं व्याख्यान; पुढचं विचारायची गरज नसे.

आणि मी सकाळी आले की सगळे विचारायचे, "घरी काय?"

मी म्हणायचे, "दहा."

कारण माझी सई. अडीच वर्षं उलटून गेली होती आणि पोरगी एक शब्द बोलत नव्हती. हाक मारली की वळायची, चप्पल आण म्हटलं की बरोबर जोडीने आणायची, हवं ते बोटाने दाखवायची. पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी कान तपासले, घसा पाहिला, आणि थांबा म्हणाले. थांबणं मला जमत नाही. त्यात मी एम.एड. केलं ते बालमानसशास्त्र घेऊन. मुलाने कितव्या महिन्यात काय करायचं याचा तक्ता मला पाठ. ज्या बाईला तो तक्ता पाठ आहे तिने मूल होऊच देऊ नये, असं माझं तेव्हा ठाम मत झालं होतं.

*

आता मनुभाई. ते आमच्या ए.व्ही. रूमचे टेक्निशियन. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला आणि ग्रँटमधून आलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या कपाटात. व्हिडिओ कॅमेरा मागायला गेलं की ते आधी आपल्याकडे, मग आपल्या हातांकडे बघायचे, आणि दुःखाने म्हणायचे, "वापरशो तो बगडशे."

वापरला तर बिघडेल, हे खरंच होतं. वाद काय घालणार?

शेवटी सरांनी त्यांना बोलावून समजावलं, की दिल्लीवाले विचारतात, कॅमेऱ्याचा वापर किती झाला म्हणून. मनुभाईंना ते पटलं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा बाहेर आला, पण त्याचं जाड निळं कव्हर अंगावर तसंच. मनुभाईंनी शिंप्याकडून त्याला पुढे भिंगापुरतं एक गोल भोक पाडून आणलं होतं. मागे डोळा लावायला दुसरं, लहान.

आम्ही शाळेत जाऊन उभे राहिलो की पोरं आधी कॅमेऱ्याकडे बघून हळहळायची. एकाने मला विचारलंसुद्धा, याला काय लागलंय?

*

आमच्याकडे एक गंमत असते, ती बाहेरच्यांना खरी वाटत नाही. होणारा शिक्षक पहिल्यांदा शिकवतो तेव्हा समोर खरी मुलं नसतात. आम्हीच मोठी माणसं बाकांवर बसून सातवीची मुलं होतो. नियम असा, की मुलांसारखंच वागायचं.

हा नियम गुप्ते सरांनी फारच मनावर घेतला होता. एरवी तोलून-मापून बोलणारा माणूस, बाकावर बसला की शेजाऱ्याची पेन्सिल लपवायचा, खिडकीतून बाहेर बघायचा, पाणी प्यायला जाऊ का म्हणून हात वर करायचा. एकदा तर पाणी प्यायला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. शेवटी कँटीनमध्ये सेव-उसळ खाताना सापडले. वर आम्हालाच म्हणाले, "मधली सुट्टी कधीच झाली."

एका वर्षी बी.एड.ला एक फार कडक मुलगी होती. तिने सरांना दोनदा ताकीद दिली आणि तिसऱ्यांदा वर्गाबाहेर उभं केलं. सर निमूट गेले, भिंतीला पाठ लावून, ओठांवर बोट ठेवून उभे राहिले. नेमके तेव्हाच डीन एका पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यातून चालले होते. पाहुणे थांबले. डीन थांबले. डीननी विचारलं, की गुप्तेसाहेब, इथे असे का उभे आहात?

सरांनी बोट काढलं. गृहपाठ न आणलेल्या मुलासारखी मान खाली घातली.

"लेसन नथी लाव्यो, साहेब."

आणि बोट परत ओठांवर.

*

कॉम्प्युटरचाही किस्सा आहे. प्रकल्पाला एक कॉम्प्युटर मंजूर झाला. कॉम्प्युटरला गारवा लागतो, म्हणून एक ए.सी. मंजूर झाला. कॉम्प्युटर टेंडरमध्ये अडकला. ए.सी. आला.

बडोद्याचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. रिकाम्या कॉम्प्युटर रूममध्ये सतरंजी पडली. विभागाच्या सगळ्या मीटिंगा तिथे होऊ लागल्या. ज्या विषयाला मीटिंग लागत नाही त्याचीही होऊ लागली. जे पाच-सहा वर्षांत फिरकले नव्हते ते प्रोफेसर थेसिसवर चर्चा करायला यायचे आणि चर्चा करता करता घोरायचे. सईला सांभाळणाऱ्या कोकिलाबेन आजारी पडल्या की मीही तिला आणून तिथेच निजवायचे. दिल्लीला जाणाऱ्या रिपोर्टमध्ये सरांनी लिहिलं, की कॉम्प्युटर रूमचा पुरेपूर वापर होत आहे. एक शब्द खोटा नव्हता.

दिवाळीनंतर एकदाचा कॉम्प्युटर आला. मजुरांनी खोकं आत ठेवलं. आम्ही सगळे दारात उभे. कुणाच्याच चेहऱ्यावर आनंद दिसेना.

प्रज्ञाबेन म्हणाल्या, "हवे मीटिंग क्यां करशुं?" आता मीटिंग कुठे करायची?

*

सईच्या गप्प बसण्यावर डिपार्टमेंटमध्ये प्रत्येकाकडे उपाय होता. शेवटी सगळेच शिक्षणतज्ज्ञ! प्रज्ञाबेनचं निदान असं, की घरी मराठी, कोकिलाबेनकडे गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि वर मी तिला इंग्रजी चित्रं दाखवणार. पोरगी बिचारी ठरवतेय, कुठल्या भाषेत सुरुवात करू. एकच भाषा ठेव.

मी घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं. त्यांना एकदम पटलं. रात्री जेवताना त्यांनी सगळ्यांना दम भरला. माझ्या नवऱ्याला, जो मकरपुऱ्याच्या कारखान्यातून दमून येऊन मुकाट जेवत होता, त्याला तर जास्तच. म्हणाल्या, "आजपासून या घरात शुद्ध मराठीच बोलायचं. तद्दन शुद्ध. बराबर छे ने?"

नवरा ताटात बघून म्हणाला, "हा ने."

शुद्ध मराठी तिथेच संपली.

*

प्रकल्पाची मोठी अडचण वेगळीच होती. आमच्या कॅसेटींमध्ये नऊ सापडत नव्हता. पाच पोत्यांनी, दोन आणि आठही भरपूर, पण कुणी न विचारता एखादं मूल बोललंय असं कुठेच नाही. सरांना त्याचा ध्यास लागला होता. रोज विचारायचे, "बाई, नऊ?" मी मान हलवायचे.

मग एकदा करजणच्या एका शाळेत गेलो. शिक्षक उत्साही, फळा रंगीत खडूंनी भरलेला, मुलं धडाधड उत्तरं देत होती. मध्येच दुसऱ्या बाकावरची एक मुलगी आपणहून उभी राहिली. शिक्षकांनी काही विचारलं नव्हतं. सरांनी माझा दंड धरला. मनुभाईंनी कॅमेरा तिच्याकडे वळवला.

ती म्हणाली, "सर, आ तो काले ज आवी गयुं."

हे तर कालच झालं! शिक्षकांनी आदल्या दिवशी अख्ख्या तासाची तालीम करून घेतली होती.

नंतर ते सरांसमोर हात जोडून उभे राहिले, की एवढं पुसा, साहेब. सरांचा जीव होईना, पण माणसाचा चेहरा बघवेना. मनुभाईंनी कॅसेट मागे नेली आणि तास पुन्हा पहिल्यापासून झाला. ती मुलगी या वेळी गप्प बसली.

परत येताना जीपमध्ये सरांनी कॅसेट मागून मांडीवर घेतली. मग आपल्याशीच म्हणाले, "एक मिळाला होता."

*

मनुभाई पाच वाजता कपाट बंद करत, म्हणून उरलेलं काम मी घरी न्यायचे. स्वयंपाक आटोपला की व्हीसीआर लावायचा, मांडीवर कागद घ्यायचा. सई शेजारी येऊन बसायची. केबल नुकतीच आलेली. शेजारची मुलं कार्टून बघत होती. सासूबाई म्हणायच्या, सगळ्यांची पोरं उंदीर-मांजर बघतात, आमची पानाचे भाग बघते.

खरंच बघायची. आमचे बी.एड.वाले सगळे एकाच साच्याचे : मुलाने उत्तर दिलं की हात पुढे करून, पंजा खाली दाबत म्हणायचे, "सरस. बेसी जा." छान, बस खाली. एका तासात हे पन्नास वेळा. सई टक लावून बघायची. मी आशेने तिच्याकडे बघायचे आणि लगेच विचारायचे, हे काय गं? पान? म्हण पान. पा-न. हिरवं असतं ना? झाडाला असतं ना? ती माझ्याकडे असं बघायची, की जणू माझी परीक्षा चाललीय आणि निकाल बरा नाही.

एकदा डिपार्टमेंटमध्ये मला रडू आलं. निमित्त काहीतरी भलतंच होतं, बहुतेक स्टेपलर. सरांनी प्रज्ञाबेनना चहा आणायला पाठवलं आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही तिच्याकडे आठ मागताय. दिवसभर विचारताय आणि उत्तराची वाट बघताय. ती नऊवाली असेल."

"आणि नसेल तर, सर?"

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "आपल्या प्रकल्पाचं तरी दुसरं काय चाललंय?"

*

मग दिल्लीची कमिटी आली. प्रकल्पाला मुदतवाढ द्यायची की नाही हे ती ठरवणार. म्हणजे माझी नोकरीसुद्धा.

त्याच दिवशी कोकिलाबेन भाचीच्या लग्नाला करजणला गेलेल्या. सासूबाई पुतण्याच्या मुंजीला पुण्याला. नवऱ्याची कंपनीची बस सकाळीच गेलेली. मी सईला घेऊन आले, शेवटच्या बाकाखाली सतरंजीवर बसवलं आणि हातात बिस्किटाचा पुडा दिला. पहिल्यांदाच असं मनात आलं, की पोरगी बोलत नाही ते आजच्यापुरतं बरंच आहे. लगेच स्वतःची लाज वाटली.

प्रात्यक्षिक ठरलं होतं. प्रज्ञाबेन शिकवणार, विभागातले सगळे सातवीची मुलं होणार, मनुभाई कॅमेरा चालवणार आणि मी मागे बसून तिथल्या तिथे नंबर लिहिणार, म्हणजे कमिटीला पद्धत कळेल. सरांनी मला बजावलं होतं, मी थांबा म्हणेपर्यंत पेन्सिल थांबवायची नाही.

तास झकास झाला. गुप्ते सर पहिल्या बाकावर इतके शहाण्यासारखे बसले की मला ओळखू येईनात. पाच, चार, आठ, दोन. सगळं सुरळीत.

मग कमिटीचे अध्यक्ष उठले. उंच, करड्या भुवयांचे गृहस्थ. प्लॅटफॉर्मवर चढले आणि म्हणाले, "मैं सिर्फ़ दो शब्द कहूँगा."

सर थांबा म्हणाले नव्हते. मी लिहीत राहिले. पाच. पाच. पाच. पाच. अध्यक्ष सांगत होते, की आपल्या वर्गात शिक्षकच फार बोलतो, मुलाला संधी मिळत नाही. पाच. पाच. पान भरलं, मी उलटलं. पाच. पुढच्या बाकांवर माना डुलायला लागल्या. अध्यक्ष म्हणत होते, मुलाला बोलू दिलं पाहिजे. पाच. पाच. पाच.

मी खाली पाहिलं. सतरंजीवर नुसता पुडा होता.

सई दोन बाकांच्या मधल्या वाटेने चालली होती. न धावता, कुणाकडे न बघता. पळत जाऊन उचलावं तर कॅमेऱ्यात मी येणार. ती प्लॅटफॉर्मपाशी पोचली, मान मागे टाकून तिने अध्यक्षांकडे पाहिलं. ते बोलता बोलता थांबले. तिने बिस्किटाचा हात पुढे केला, पंजा खाली दाबला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"सरस. बेसी जा."

कुणी हललं नाही. मनुभाईंचा कॅमेरा कव्हरच्या भोकातून चालूच होता. समोरचं मला काही नीट दिसेना, पण हात आपला सवयीने चालत राहिला. दहा. दहा. दहा.

अध्यक्ष खाली बसले.

पहिल्या बाकावरून, हाताची घडी न सोडता आणि मागे न वळता, गुप्ते सर हळूच म्हणाले, "चिटणीसबाई, जरा मागे जा. दहाच्या आधी एक नऊ राहिलाय."