रेघेच्या उजवीकडे

सोमवारी दुपारी वत्सलाबाई वारल्या. बुधवारी त्यांचा मराठीचा तास मला देण्यात आला.

शहागंजमागच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवत आणि मी ग्रंथालय सांभाळते. शब्दार्थ सांगताना त्या फळ्याच्या मधोमध एक रेघ ओढत. डावीकडे कोशातला अर्थ. उजवीकडे, तो शब्द ऐकून ज्याला जे आठवेल ते. "डावीकडचं परीक्षेला," त्या म्हणत, "उजवीकडचं आपल्याला."

एकदा शब्द होता 'अंगण'. समीना म्हणाली, "बाई, आमच्याकडं अंगण नाय, गच्ची हाय. अम्मी तिथं शेवया वाळवती."

"कबुतरांचं अंगण व्हय ते," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुला शेवया नाय मिळायच्या मग," बाई त्याला म्हणाल्या, आणि समीनाला खडू दिला. "तुझं अंगण वरच्या मजल्यावर हाय. लिही."

आठवण बाईंनीही द्यायची, असा नियम होता. 'पाणवठा' आला त्या दिवशी मी पुस्तकं द्यायला गेले होते, ती दारातच उभी राहिले. डावीकडे 'पाणी भरण्याची जागा' लिहून झालं होतं. बाई खडू घेऊन उजवीकडे वळल्या.

"माझ्या आजीला पाणवठा म्हणजे लांब उभं राहणं," त्या म्हणाल्या. "कुणी येऊन वरून ओतलं तर घागर भरायची."

"अन् कुणी आलंच नाय तर?" एका पोरानं विचारलं.

"तर थांबायचं."

उजवीकडे त्यांनी तेवढंच लिहिलं. थांबणं.

औरंगपुऱ्यातून शाळेपर्यंत त्या रोज माझ्या गाडीवर मागे बसून येत. खड्डा आला की माझा खांदा धरत. "पुस्तकवाल्या बाई, हळू. पोरांचे पेपर तपासायचेत अजून."

बुधवारी मी फळ्यावर रेघ ओढली नाही. ती त्यांची होती. त्यांच्यामागे ती ओढायला माझा हात होईना. कोशातले अर्थ सांगून तास संपवायचा, असं ठरवून आले होते. समीना उठली. तिनं रेघ ओढली आणि खडू माझ्या हातात दिला.

"बाई, आज तुमचा शब्द."

मी लिहिलं, 'डबलसीट'. डावीकडे, एका गाडीवर दोघांनी बसणं. उजवीकडे वळले आणि तशीच उभी राहिले. वर्गात कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही. मग लिहिलं, 'पुस्तकवाल्या बाई, हळू.'

आता ती रेघ रोज मी ओढते. गाडीच्या मागच्या सीटवर माझी पिशवी असते.