साडूंचा हक्काचा अडाणी

आईवडिलांनी मला शिकवायला जेवढी मेहनत घेतली, त्याहून जास्त मेहनत आमच्या साडूंनी मला अडाणी ठेवायला घेतली. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. मूळचे चिरनेरचे, पण पनवेलात स्टँडच्या मागे एका गाळ्यात त्यांचं संगणकाचं दुकान. सुटे भाग मागवायचे, स्वतः लॅपटॉप जुळवायचे आणि त्यात ती सगळ्यांना खुली असलेली, कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली ऑपरेटिंग सिस्टिम घालून विकायचे. ती फुकट मिळते, असं त्यांनी एकदा मोठ्या अभिमानाने एका गिऱ्हाइकाला सांगितलं. "म्हणजे चोरीची का?" असं विचारून ते गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. तेव्हापासून फुकट हा शब्द त्या गाळ्यात कुणी उच्चारायचा नाही, असा नियम झाला.

तर ही सिस्टिम तयार करणाऱ्यांनी, ती घालून संगणक विकणाऱ्यांसाठी काही सूचना लिहून ठेवल्या आहेत. आपल्या पदरची फालतू भर घालू नका, पहिल्यांदा यंत्र सुरू करायचा मान गिऱ्हाइकाचा, नाव आणि पासवर्ड त्यालाच घालू द्या, आवाज, कॅमेरा, वायफाय नीट चालतात ना, झाकण लावल्यावर झोपलेलं यंत्र उघडल्यावर जागं होतं ना, हे बघितल्याशिवाय माल बाहेर काढू नका. बाकीचे दुकानदार असल्या सूचना वाचतात की नाही, देव जाणे. साडूंनी मात्र मुलीकडून त्या मराठीत उतरवून घेतल्या आणि तोंडपाठ केल्या. त्यातली एक सूचना माझ्या मुळावर आली. संगणकातलं ज्याला काहीच कळत नाही अशा माणसाच्या हातात यंत्र एकदा देऊन बघा, असं त्यात म्हटलं होतं. साडूंनी सगळ्या गणगोतावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी जासईच्या एका गोदामात उभी नोकरी बॉलपेन आणि कार्बन पेपरवर काढून नुकताच निवृत्त झालो होतो. इतका शुद्ध माल त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?

माझे रविवार गेले ते तेव्हापासून. सकाळी नाश्ता संपायच्या आत साडू खोका घेऊन दारात हजर. खोका चिकटपट्टी लावून बंद केलेला, कारण गिऱ्हाइकाला तो तसाच मिळणार. तो मीच फोडायचा, वायर मीच शोधायची, बटण मीच दाबायचं. साडू माझ्या पाठीमागे उभे राहायचे, दोन्ही हात पाठीशी बांधून, म्हणजे चुकूनही मदत व्हायला नको. मी काही विचारलं की ते वर पंख्याकडे बघायचे. बरं, पंख्याकडे बघताना चेहऱ्यावर रेषही हलू द्यायची नाही, कारण चेहऱ्यावरून मला उत्तर कळलं तर परीक्षा फुकट गेली. (हा शब्द माझ्या घरात चालतो.) एकदा भाषा निवडताना माझ्या हातून भलतंच काही दाबलं गेलं आणि सगळा पडदा चिनी की जपानी अक्षरांनी भरला. अर्धा तास मी घाम पुसत बसलो. साडू पंख्याकडे बघत राहिले. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो भाऊजी, सांगा ना त्यांना, बीपी वाढेल." साडू शांतपणे म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या घरी मी कुठं असणार हाय?"

मला खरोखर कंटाळा आला होता. निवृत्तीनंतर माणसाने आपट्याला नदीकाठी मित्राकडे जाऊन बसावं, तर मी दर आठवड्याला तेच तेच स्वागत वाचत बसलेलो. यातून सुटायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे शिकणं. सून म्हणाली, बाबा, मी शिकवते, आणि तिने मला ईमेल पाठवायला शिकवलं. पहिला ईमेल मी हौसेने साडूंना पाठवला. तासाभरात ते घरी आले, घरात काही वाईट घडल्यासारखे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "साडू, तुमी शिकलात तर मी टेस्ट कुणावर करू? दुसरा असा माणूस नाय मिळायचा मला." असली स्तुती ऐकून रागवावं की काय करावं, मला कळेना. पण त्यांचा आवाज इतका खरा होता की मी ईमेलचा नाद सोडला.

दुकान तसं रडतखडतच चालायचं. मग एक मोठी ऑर्डर आली. उरणकडच्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता आणि त्या दिवशी शाळेतल्या मुलांना लॅपटॉप वाटायचे होते. ही ऑर्डर पार पडली की गाळा टिकणार होता, नाही तर बंद करावा लागणार होता. हे मला मेहुणीने सांगितलं, साडूंनी नाही. पुढाऱ्याच्या माणसाची एकच अट होती, यंत्र सुरू केलं की आधी साहेबांचा फोटो दिसला पाहिजे. साडूंनी त्याला त्या सूचना घडाघडा म्हणून दाखवल्या, चहा पाजला, आणि फोटो खोक्यावर छापायच्या बोलीवर त्याला गुंडाळला. मला वाटलं, जिंकले.

पहिलं यंत्र तयार झालं तसं ते माझ्याकडे आलं. मी खोका फोडला, नातीचं नाव घातलं, दोन ओळी टाइप केल्या. तेवढ्यात चहा आला म्हणून झाकण लावलं. चहा पिऊन झाकण उघडलं तर पडदा काळा. बटणं दाबली, थोपटलं, काही नाही. साडूंनी पाठीमागून विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हणालो, काही नाही. त्या दिवशी ते पंख्याकडे बघायचं विसरले आणि खाली बसले.

दोष आतल्या बोर्डाचा होता. बोर्ड पुरवणाऱ्याने दुरुस्ती येईल म्हणून सांगितलं, कधी ते सांगितलं नाही. साडूंनी पुढाऱ्याच्या माणसाकडे मुदत मागितली. तो म्हणाला, "साहेबांचा वाढदिवस हाय तो, पुढं कसा ढकलायचा?" मग त्यानेच तोडगा काढला. मुलांना सांगू, झाकण लावू नका. मी तिथेच होतो, आणि मलाही तो तोडगा बरा वाटला होता. साडू म्हणाले, "पोर अभ्यास करून दमलं की झाकण लावणारच. उघडल्यावर लिवलेलं गेलं तर ते स्वतःलाच अडाणी समजंल." एवढं बोलून त्यांनी ऑर्डर सोडली. वाढदिवसाला मुलांना साहेबांचा फोटो छापलेल्या छत्र्या मिळाल्या. त्या मात्र उघडत होत्या.

गाळा गेला. दुरुस्ती आली, पण गाळ्यात दुसऱ्याचं मोबाइल कव्हरचं दुकान लागल्यावर. उरलेली यंत्रं साडूंनी नीट करून ओळखीपाळखीत विकली. माझे रविवार मोकळे झाले आणि मी आपट्याला जाऊन नदीकाठी बसलो. पण रविवारी घरी असलो की नाश्ता करतानाच कान दाराकडे लागायचे. साडूंची आठवण यायची, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

गेल्या रविवारी ते आले. हातात खोका, चिकटपट्टी लावलेला. म्हणाले, "हा शेवटचा. विकायचा नाय, तुमचा हाय. आता तुमी शिका, साडू. माझी कायपण हरकत नाय."

इतकी वर्षं ज्या परवानगीसाठी मी कुरकुरत होतो ती अशी हातात पडली आणि मला अजिबात नको झाली. खोका फोडला, बटण दाबलं. स्वागत आलं, त्याखाली भाषांची यादी. साडू खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, असे ते कधीच बसले नव्हते. पुढे वाकून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "हे बघा, हितं मराठी."

मला मराठी दिसत होतं. इतक्या रविवारांनंतर ते मला डोळे मिटूनही सापडलं असतं. मी मुद्दाम यादीतलं पार खालचं दाबलं. पडदा चिनी की जपानी अक्षरांनी भरून गेला, आणि मी म्हणालो, "साडू, हे काय झालं हो?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मग ते उठले, माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पाठीशी बांधले आणि पंख्याकडे बघू लागले.