माफी ऐकल्याशिवाय जुनी वेबसाइट परत लावली नाही

मंडळी, आज मी एका माणसाला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली आणि मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

निपाणीतल्या एका मसालेवाल्या अण्णांची वेबसाइट मी टिळकवाडीतल्या घरातून सांभाळते. नवी वेबसाइट त्यांनी पुण्याच्या कंपनीला दिली. ती होईपर्यंत जुनी मी चालू ठेवायची, असं ठरलं. मराठी आणि कन्नड पानं नव्या साइटवरही घ्या, गावोगावच्या बायका तिथूनच ऑर्डर देतात, असं मी बैठकीत सांगितलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही जुनं सांभाळा. डोकं आम्ही लावतो."

आज सकाळी नवी सुरू झाली, सगळी इंग्रजीत. दुपारपर्यंत एकही ऑर्डर नाही. अण्णांचा फोन आला. "लई घोळ झालाय गं. जुनी परत लाव."

उद्घाटनाला आलेले कंपनीचे ते साहेब अजून दुकानातच होते.

"लावते. पण आधी फोन स्पीकरवर टाका आणि साहेबांना बोलवा."

दुकानातली सगळी माणसं ऐकत होती. "सॉरी मॅडम, तुमचं ऐकायला पाहिजे होतं," साहेब पुटपुटले.

"ऐकू आलं न्हाय," मी म्हटलं. मग ते मोठ्यानं बोलले. मी सावकाश चहा प्याले आणि जुनी साइट परत लावली.

आता अण्णा म्हणतायत, नवीही तूच कर. मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते साहेब परके होते. पण बैठकीत ते "डोकं आम्ही लावतो" म्हणाले, तेव्हा अण्णा हसले होते.

तुम्ही असता तर हो म्हटलं असतंत का?